अक्षरांचा वाफा

बस्त्याव आणि त्याची नात कॅथरीन यांची पहिली भेट झाली तेव्हा कॅथरीनने जी किंकाळी फोडली ती वटार गावापर्यंत ऐकू गेली, असं होळी गावात आजही सांगतात. वटारवाले म्हणतात, आमच्याकडे आला तो नुसता पडसाद. मूळ किंकाळी वसईच्या किल्ल्याच्या तटावर आपटून समुद्रात गेली आणि मासेमारीला निघालेल्या दोन होड्या अपशकुन समजून माघारी फिरल्या. वाडीतल्या बावखलातले, म्हणजे तळ्यातले, बेडूक म्हणे त्यानंतर आठवडाभर गप्प होते. बेडकांचं कोणी मोजलं नाही, पण शेजारच्या आलोशियसच्या कोंबड्यांनी दोन दिवस अंडी दिली नव्हती, हे आलोशियस स्वतः चर्चच्या पायरीवर उभा राहून शपथेवर सांगतो.

चूक पोरीची नव्हती. साडेचार वर्षांच्या कॅथरीनने आजोबा पाहिला होता तो मस्कतहून, आईच्या मोबाइलवर. तो आजोबा तळहाताएवढा होता, इस्त्रीचा शर्ट घालायचा आणि त्याला छातीच्या खाली काही नव्हतं. इथे टॅक्सीचं दार उघडलं तर समोर सहा फुटांचा, गुडघ्यापर्यंत चिखल माखलेला, उन्हासाठी डोक्यावर केळीचं पान बांधलेला इसम दोन्ही हातांत पाण्याच्या झाऱ्या घेऊन तिच्याच दिशेने धावत येत होता.

"मम्मा, पेड आ रहा है!" ती ओरडली.

"अगं, आजा आहे तो तुझा," डायना म्हणाली.

झाडाने झाऱ्या खाली ठेवल्या आणि कमरेच्या फडक्यात गुंडाळलेली वस्तू काढून तिच्या तोंडापुढे धरली. वस्तू म्हणजे मुळा. परदेशातून येणाऱ्या नातीला लोक चॉकलेट देतात. बस्त्यावने सकाळपासून अर्धी वाडी उपसून सगळ्यांत लांब, सगळ्यांत पांढरा मुळा हुडकून काढला होता. कॅथरीनला ते कोणाचं तरी हाड वाटलं. मग ती किंकाळी. तिला सीटखालून बाहेर काढायला पाऊण तास लागला. तेवढ्यात टॅक्सीवाला दोनदा चहा पिऊन आला.

बाप्तिस्म्याच्या वहीत या आज्याचं नाव सेबेस्टियन तुस्कानो आहे. पण ते नाव त्या वहीतच राहिलं. होळीत तो बस्त्याव. वय सदुसष्ट, शिक्षण चौथी, धंदा भाजीपाल्याचा. या माणसाला जगातली कुठलीही गोष्ट भाजीशिवाय सांगता येत नाही. लग्न कधी झालं, तर मुळ्याच्या दिवसांत. डायना कधी जन्मली, तर लाल माठ पेरला त्याच्या तिसऱ्या दिवशी. बायको रीटा म्हणते, "मी मेले तर हा मयताच्या बोर्डावर लिहील, वांग्याला फूल आलं तेव्हा गेली."

तर असा हा माणूस आणि ती किंकाळीवाली पोर. आठ दिवसांत चित्र असं पालटलं, की कॅथरीन सकाळी उठली की तोंड न धुता वाडीत. डायना वसई पूर्वेला एका कारखान्याच्या ऑफिसात लागली होती. सकाळी आठला जायची, सहाला यायची. जावई डेन्झिल मस्कतलाच होता. रीटा सकाळी भाजी घेऊन बाजारात. म्हणजे आठ ते एक या वेळेत त्या वाडीत माणसं दोनच: एक सदुसष्टचं, एक साडेचारचं. बस्त्यावच्या आयुष्यात एवढ्या मजेच्या सकाळी आजवर आल्या नव्हत्या. हे तो कोणाला बोलला नाही, पण मोठ्याने गुणगुणत पाणी शिंपायला लागला तेव्हा रीटाने ओळखलं.

आणि मग राखेच्या बुधवारी, कपाळावर राख घेऊन घरी आल्या आल्या, डायनाने तो कागद काढला.

वसई रोडला एक क्लास निघाला होता. एसी खोल्या, दारापर्यंत व्हॅन, सकाळी आठ ते संध्याकाळी पाच. कागदावर हसणारी पोरं होती आणि त्यांच्या मागे एक प्लास्टिकचं झाड होतं.

"आठ ते पाच?" बस्त्यावने विचारलं. "पोर आहे की कारकून?"

"पपा, जूनमध्ये तिला शाळेत घालायचंय. तिला 'क' येत नाही. 'क' सोडा, मराठीच धड येत नाही. तुमच्याबरोबर राहून काय शिकली, तर कोंबड्यांना शिव्या."

"त्या आलोशियसच्या कोंबड्यांना सगळेच शिव्या देतात."

"मी थट्टा करत नाहीये, पपा."

ती थट्टा करत नव्हती हे त्यालाही दिसत होतं. बस्त्यावने केळीच्या सोपटासारखं मऊ होऊन विचारलं, "अक्षरंच शिकवायची ना? मी शिकवतो."

रीटा आतून म्हणाली, "तुम्ही? स्वतःची सही करताना जीभ बाहेर काढता!"

शेवटी ठरलं ते असं. साडेपाच आठवड्यांनी, झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या शनिवारी, रेजिना टीचर येऊन कॅथरीनची परीक्षा घेतील. रेजिना टीचर म्हणजे गावच्या शाळेच्या निवृत्त मोठ्या बाई. डायनाला त्यांनीच शिकवलं होतं, आणि बस्त्याव देवाखालोखाल कोणाला घाबरत असेल तर त्यांना. पोरीने वीस अक्षरं ओळखली तर ती घरी राहील, आज्याजवळ. वीसला एक जरी कमी पडलं तर सोमवारपासून व्हॅन.

"वीस," डायना म्हणाली.

"वीस," बस्त्याव म्हणाला, आणि त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही.

पाटी-पेन्सिल त्याला जमणार नव्हती. त्याला जमत होता वाफा. गुरुवारी सकाळी त्याने रेताड जमिनीतला एक वाफा साफ केला, पाणी दिलं, दाताळ्याने सारखा केला आणि कोयत्याच्या मुठीने त्यात हातभर लांबीचा 'क' ओढला. मग रात्रभर भिजवलेली मेथी एका वाटीत घेऊन नातीला हाक मारली.

इथे होळीची एक रीत सांगायला हवी. वाफ्यात कोणी पाय ठेवत नाही. एक माणूस या बांधावर बसतो, दुसरा समोरच्या. दोघांचे हात मधे येऊन भिडतात, म्हणून वाफ्याची रुंदी दोन माणसांच्या हातांएवढी. दोघं एकाच बाजूला बसणं म्हणजे महापाप, कारण मग पलीकडचं तण तसंच राहतं. बस्त्याव आणि रीटा चाळीस वर्षं असे समोरासमोर बसत आले. भांडणंही तशीच झाली, मधे पालक ठेवून. तेव्हा बस्त्याव आपल्या बांधावर बसला आणि नातीला रीटाच्या बांधावर बसवलं.

"हा 'क'. आता याच्या पोटात मेथी घाल. बोटाने. दाट. बाहेर एक दाणा गेला तर 'क'ला शिंग फुटेल."

"शिंग मतलब?"

"बैलाला असतं ते."

कॅथरीनने मुद्दाम एक दाणा बाहेर टाकला. तिला शिंगवाला 'क' हवा होता.

तिसऱ्या दिवशी मेथी उगवली. वाळूतून हिरवा 'क' वर आला, शिंगासकट. कॅथरीन त्याच्याभोवती नाचली, शेजारच्या कुत्र्याला बोलावून तिने तो दाखवला. खेळाचे नियम दोघांनी मिळून केले. जे अक्षर ओळखता येईल, त्याच्यावरून बोट फिरवायचं, त्याचं नाव तीनदा ओरडायचं, आणि मेथी बोटभर झाली की अक्षर मुळासकट उपटून आजीला द्यायचं. दुपारी त्याची भाजी. पहिल्या आठवड्यात घरात 'क', 'म', 'ल', 'ब' आणि 'न' शिजले.

दिवस उपासकाळाचे होते. मासळी-मटण बंदच होतं, तेव्हा मेथी चालून गेली. दुसऱ्या आठवड्यात 'प', 'त', 'र', 'स', 'ग' आले आणि रीटाने कढई आपटली.

"अहो, येजूने चाळीस दिवस उपास केला, पण मेथी नाही खाल्ली!"

"आजी, ये 'ग' है. 'ग' मोठा आहे. जास्त भाजी," कॅथरीन म्हणाली.

बस्त्यावने छाती फुगवून रीटाकडे पाहिलं. रीटाने 'ग' निवडायला घेतला.

तिसऱ्या आठवड्यात 'ज'चा अर्धा भाग आलोशियसच्या कोंबड्यांनी खाल्ला. पण पोरगी अशी तयार, की उरलेल्या अर्ध्यावरून तिने 'ज' ओळखला आणि कोंबड्यांना ज्या भाषेत हाकललं ती ऐकून आलोशियस स्वतः कुंपणाशी आला. "बस्त्याव, हे अक्षर कुठल्या बाराखडीतलं?" त्याने विचारलं. बस्त्याव हसला नाही. तो मनात मोजत होता. पंधरा झाली. पाच राहिली. शनिवार अडीच आठवड्यांवर.

एखादं पोर जागेवरून ओळखत असेल, पहिला 'क', दुसरा 'म', ही शंका त्यालाही आली होती. तो अडाणी असला तरी येडा नव्हता. म्हणून त्याने कोरड्या वाफ्यात बोटाने वाट्टेल तशी अक्षरं ओढली. मागचं पुढे, पुढचं मागे. समोरच्या बांधावरून कॅथरीनने दाणे टिपावे तशी ती टिपली. एकही चूक नाही. बस्त्यावने त्या सकाळी दोन पिकलेली वेलची केळी एकट्याने खाऊन टाकली, आनंदाने.

चौथ्या आठवड्यातल्या रविवारी, चर्चमधल्या मिस्सावरून आल्यावर, डायनाने पिशवीतून नवं पुस्तक काढलं. जाड पानांचं, रंगीत, एका पानावर एक अक्षर आणि खाली चित्र. लेकीला शेजारी घेऊन ती ओटीवर बसली.

"हे काय आहे, केटी?"

कॅथरीनने पान पाहिलं. मान डावीकडे वाकवली, मग उजवीकडे. पुस्तक धरून फिरवायला गेली. डायनाने ते पुन्हा सरळ केलं.

"नीट धर. बघ. काय आहे हे?"

"माकड."

"चित्र नाही गं. वरचं अक्षर."

कॅथरीन गप्प. पान उलटलं. गप्प. आणखी एक. गप्प. बस्त्याव दारात उभा राहून बघत होता. त्यात एका पानावर 'क' होता, शिंगवाला 'क', ज्याची भाजी तिने दोन वेळा मागून खाल्ली होती, आणि पोरगी त्याच्याकडे परक्या माणसाकडे बघावं तशी बघत होती. डायनाने पुन्हा माकडाचं पान काढलं.

"ये लटक रहा है," कॅथरीन शेवटी म्हणाली.

"हो, माकड लटकतं झाडाला. पण अक्षर?"

कॅथरीनच्या डोळ्यांत पाणी आलं. डायनाने पुस्तक मिटलं.

"पपा, तुम्ही म्हणालात पंधरा येतात."

"येतात!" बस्त्याव धावत जाऊन पाटी घेऊन आला. ओटीच्या जमिनीवर बसला, पाटी मधे आडवी ठेवली, नात समोर येऊन बसली. त्याने जीभ बाहेर काढून 'म' लिहिला.

"म!" कॅथरीन म्हणाली.

पुसून 'प' लिहिला.

"प!"

"बघ," बस्त्याव म्हणाला. "घे, तू विचार."

डायनाने तीच पाटी उचलली, त्यावर त्याच्याहून पुष्कळ सुंदर 'म' लिहिला आणि लेकीच्या डोळ्यांसमोर उभी धरली. कॅथरीनने पाटीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि जमिनीकडे बघत बसली.

बस्त्याव चौथी शिकलेला असला तरी हिशोबी होता. पाटी तीच. अक्षर तेच. पोर तीच. मग बदललं काय? त्याने उत्तर काढलं, आणि काढलं ते काढलं, वर बोलून दाखवलं.

"तू डोळे वटारतेस. तुला भिते ती. माझ्यापुढे बोलते, तुझ्यापुढे मुकी होते. शिकवण्यात खोट नाही, डायना, खोट तुझ्यात आहे."

रीटा आतून "अहो!" म्हणाली, पण वाक्य सुटलं होतं.

डायनाने पाटी हळूच खाली ठेवली. "तिथे मस्कतला आम्ही दोघीच असायचो, पपा. डेन्झिल महिन्यातले वीस दिवस साइटवर. दिवसभर ती माझ्याशीच बोलायची." एवढं म्हणून ती आत गेली. त्या दिवसापासून बापलेकीत बोलणं बंद झालं. डबा, किल्ली, छत्री, सगळं रीटामार्फत. "तिला सांग, गेट लावून जा." "त्यांना सांग, लावलंय."

शेवटचे तेरा दिवस बस्त्यावने जे काढले ते कोणा शत्रूवर येऊ नयेत. वाफ्यात पोर वीसच्या पुढे गेली. एकवीस. बावीस. आणि घरात शिरून पुस्तक उघडलं की एकही नाही. त्याने स्वतः पुस्तक घेऊन तिला शेजारी, मांडीवर बसवून विचारलं. गप्प! आपल्याजवळही गप्प! म्हणजे डायनाबद्दलचा हिशोब चुकला होता, त्याचाच. डायनात खोट नव्हती. मग खोट कशात होती? त्याला कळेना, आणि जाऊन सांगायची हिंमत होईना, कारण सांगायचं तर आधी माफी मागावी लागणार होती आणि त्या कामाचा त्याला सराव नव्हता. त्याने पानांना दोष दिला. रंगाला दिला. मग संत अंथोनीला मेणबत्ती लावली. हरवलेल्या वस्तू शोधून देणं हे त्या संताचं काम. पण पंधरा पावलांवरच्या वाडीतून ओटीपर्यंत येताना बावीस अक्षरं कुठे हरवतात, हे त्यालाही सांगता आलं नाही.

शुक्रवारी संध्याकाळी व्हॅनवाल्याचा फोन आला. सोमवारी पावणेआठला गेटशी येतो म्हणाला. डायनाने "बरं" म्हटलं. ओटीवर बसून बस्त्यावने ते ऐकलं आणि तो उठून वाडीत गेला. समोरच्या बांधावर नातीच्या बसण्याने वाळूत एक लहानसा खड्डा पडला होता. तो बराच वेळ त्याकडे बघत राहिला. मग उगाचच त्याला पाणी घातलं.

शनिवारी दहा वाजता रेजिना टीचर आल्या. वय अठ्ठ्याहत्तर, पाठ ताठ, पिशवीत स्वतः हाताने लिहिलेली कार्डं. ओटीवर त्यांना खुर्ची दिली, पुढे टिपॉय. डायना भिंतीला टेकून उभी. रीटा दारात. बस्त्यावने इस्त्रीचा शर्ट घातला होता, मोबाइलवाला.

"ये, बाळ. माझ्याजवळ बस," टीचर म्हणाल्या. कॅथरीन त्यांच्या शेजारच्या स्टुलावर बसली.

पहिलं कार्ड. 'क'. गप्प.

दुसरं. 'ल'. गप्प.

तिसरं. चौथं. टीचरनी घाई केली नाही. प्रत्येक कार्ड दाखवून त्या ते टिपॉयवर ठेवत होत्या. पाचवं. कॅथरीनची मान खांद्यापर्यंत वाकली. सहावं. बस्त्यावच्या शर्टाची पाठ भिजली. त्याने मनात बेरीज केली: टीचरकडे चोवीस कार्डं, वीस हवीत, म्हणजे चारच्या वर चुकायला परवानगी नव्हती. सहा गेली होती. परीक्षा संपली होती. पुढची कार्डं नुसती शोभेची.

"सातवं," टीचर म्हणाल्या.

कॅथरीनने सातवं कार्ड पाहिलं, एक मोठा सुस्कारा सोडला आणि स्टुलावरून खाली उतरली.

"कुठे चाललीस?" डायनाने विचारलं.

"मला सामने बसायचंय," कॅथरीन म्हणाली. "दोघं एक साइडला नाही बसत. तण राहतं."

ती टिपॉयला वळसा घालून पलीकडे गेली, टीचरच्या समोर जमिनीवर मांडी घालून बसली, टिपॉयवर पसरलेल्या कार्डांकडे पाहिलं आणि बोट ठेवत गेली.

"क. ल. ब. स. म. ग. ये 'त' है."

टीचरनी 'क'चं कार्ड उचलून तिच्या बाजूने सरळ केलं. कॅथरीनचा चेहरा कोरा झाला. "ये लटक रहा है," ती म्हणाली. टीचरनी कार्ड पुन्हा आपल्याकडे फिरवलं. "क!"

टीचरनी चष्मा काढला. "बस्त्याव, शिकवताना तू कुठे बसायचास?"

"या बांधावर."

"आणि ही?"

"त्या बांधा..." आणि बस्त्याव थांबला. त्याच्या डोळ्यांपुढे वाफा आला. मग, आयुष्यात पहिल्यांदा, तोच वाफा समोरच्या बाजूने आला. सगळीच्या सगळी अक्षरं डोक्यावर उभी होती. शिरोरेषा खाली, जमिनीसारखी, आणि तिच्यातून 'क' वर उगवलेला, 'म' वर उगवलेला. नातीच्या लेखी ते बरोबरच होतं. मेथी काय वरून खाली लटकते?

"येजू!" बस्त्याव म्हणाला आणि खाली बसला.

रेजिना टीचरना हसू आलं ते थांबेना. अठ्ठ्याहत्तर वर्षांची ती ताठ पाठ पहिल्यांदा वाकली. रीटा दारातून म्हणाली, "मला तर रोज उलटीच दिसायची. बाजारची भाजी खुडायला मी त्याच बाजूने जाते."

"मग बोलली का नाहीस?" बस्त्याव ओरडला.

"चाळीस वर्षं तुम्ही करता ते सगळं मला त्या बाजूने उलटंच दिसतं. काय काय बोलू?"

टीचरनी उरलेली कार्डं एकेक करून आपल्याकडे तोंड करून टिपॉयवर मांडली. समोरून उत्तरं येत गेली. बावीस आली. 'ढ' आणि 'ळ' पेरलेच नव्हते.

"बावीस," टीचर म्हणाल्या.

"पण उलटी, टीचर," डायना पहिल्यांदा बोलली. "उलटं येणं म्हणजे येणं का?"

"वीस ठरली होती ना? कुठल्या बाजूने ते तुम्ही बापलेकींनी ठरवलं नव्हतं. सरळ व्हायला आठवडा पुरे. पण व्हॅन तुझी, पोर तुझी. तू ठरव."

सगळ्यांनी डायनाकडे पाहिलं. डायना टिपॉयकडे बघत होती. बस्त्याव उठला, दोनदा खाकरला, शर्टाचं वरचं बटण काढलं, पुन्हा लावलं.

"डायना. त्या दिवशी मी बोललो. खोट म्हणालो तुझ्यात." त्याने बटण पुन्हा काढलं. "ती मांडीवर बसून माझ्यापुढेही गप्प होती. तेरा दिवस मला ठाऊक होतं. सांगितलं नाही."

"तेरा दिवस?"

"हो."

डायना नाक पुसत म्हणाली, "मी तेरा रात्री आरशात बघत होते, पपा. माझे डोळे खरंच वटारलेले दिसतात का म्हणून."

"नाही दिसत. आईवर गेलेत. जरा मोठे आहेत, एवढंच."

"अहो!" रीटा म्हणाली.

डायनाला हसू फुटलं, ते तिने आवरलं नाही. फोन उचलून व्हॅनवाल्याला सांगितलं, सोमवारी येऊ नका. मग बापाकडे बोट रोखून म्हणाली, "पण पुन्हा मेथी लावलीत तर मंगळवारी बोलवीन."

"लाल माठ लावतो," बस्त्याव म्हणाला.

सोमवारी सकाळी होळीने न पाहिलेलं दृश्य पाहिलं: बस्त्याव तुस्कानोच्या वाफ्यावर दोन माणसं एकाच बांधावर शेजारी शेजारी बसली होती. आलोशियस कुंपणाशी येऊन बघून गेला आणि बाजारात जाऊन सांगून आला. पलीकडे तण माजलं. लाल माठाचा 'क' वर आला तेव्हा कॅथरीन त्याच्याकडे संशयाने बघत होती, मग उठून पलीकडून बघून आली, परत येऊन बसली. "ये दोनो साइडसे 'क' है," तिने निकाल दिला. नवव्या दिवशी तिने आईच्या मांडीवर बसून पुस्तक शेवटपर्यंत वाचलं, माकडासकट.

जूनमध्ये कॅथरीनला शाळेत प्रवेश मिळाला. वेळ सकाळची मिळाली, सात ते साडेबारा. घरी येऊन जेवते आणि चारपर्यंत झोपते. म्हणजे आठ ते एक या वेळेत वाडीत पुन्हा माणूस एकच: सदुसष्टचा.